पूल ३८ इंच सरकला तरी सिग्नल हिरवाच

मी ३४ वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली, सगळी नागपूर डिव्हिजनमधेच, कधी आमला साइड कधी बल्लारशा साइड, त्यामुळे सवयच अशी लागली की कोणी अपघाताची गोष्ट काढली की माझ्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघतो, सिग्नल काय होता? या प्रकरणात उत्तर आहे हिरवा. पूल जागेवरून ३८ इंच सरकलेला, वरचा रूळ वाकलेला, अन् सिग्नल हिरवा. आणि सिग्नल बिघडलेलाही नव्हता, ठणठणीत होता.

प्रकरण अमेरिकेतलं, २२ सप्टेंबर १९९३, अलाबामा राज्यात मोबिल म्हणून बंदराचं शहर आहे त्याच्या थोडं वर, एक प्रवासी गाडी रात्री पुलावरून पाण्यात गेली. रेल्वेवाले हे रेल्वे अपघात म्हणूनच वाचतात, मीही नोकरीत असताना तसंच वाचलं होतं. पण याची सुरुवात रुळावर नाही, पाण्यात झाली, एका टोबोटवर. ती बाजू मला नीट कळली ती संक्रांतीला भाचा घरी आला तेव्हा.

भाचा पवनीचा, वैनगंगेच्या काठावर वाढलेला पोट्टा. पाटण्याला नॅशनल इनलँड नेव्हिगेशन इन्स्टिट्यूट आहे, तिथं कोर्स केला आणि आता गंगेवर बार्जच्या (माल वाहणारी चपट्या तळाची मोठी बोट) डेकवर असतो, हल्दियापासून वर. राष्ट्रीय जलमार्ग १ म्हणतात त्याला, हल्दिया ते प्रयागराज १६२० किलोमीटर. मानेवाड्याला आमच्या घरी तिळगूळ खात बसला होता आणि सहज म्हणाला, "मामा, तुमच्या रेल्वेपेक्षा आमचं बरं आहे, रूळ नाही सिग्नल नाही, नदी जिकडं चालली तिकडं आपण." मी म्हटलं बस, ऐक आता. मी त्याला रेल्वेची बाजू सांगत गेलो, तो मला बोटीची समजावत गेला, दोन दिवस हेच चाललं घरी, बहीण अन् बायको दोघीही वैतागल्या.

आधी टोबोट म्हणजे काय ते, कारण माझाच गैरसमज होता. नावावरून वाटतं ओढत असेल, मागे दोर लावून. अमेरिकेतल्या नद्यांवर ती ढकलते. बोटीचं तोंड चपटं असतं, समोर दोन उभे जाड खांब, ते बार्जच्या पाठीला टेकवायचे आणि स्टीलच्या वायरी लावून रॅचेटनं आवळायचं, आपल्याकडे ट्रकवाले माल आवळतात त्याच पद्धतीनं, फक्त वायर मनगटाएवढी नसली तरी अंगठ्यापेक्षा जाड आणि ती सुटली तर पाय तोडते. बार्जही एकमेकांना अशाच आवळलेल्या. तिकडची नेहमीची बार्ज १९५ फूट लांब, ३५ फूट रुंद, भरली की दीड हजार टन. आमच्या भाषेत सांगतो, २५ बॉक्सएन वाघिणी, म्हणजे मालगाडीचे उघडे डबे. सहा बार्ज पूर्ण भरल्या तर अडीच रेकचा, म्हणजे अडीच मालगाड्यांचा माल, आणि तो सगळा बांधलेला ताफा तुमच्या पुढे, तुम्ही सगळ्यात मागे वरच्या केबिनमधे सुकाणू धरून. गार्डच्या डब्यात बसून मालगाडी चालवायची, अशी कल्पना करा. ब्रेक नावाचा प्रकार नाही, इंजिन उलटं फिरवायचं आणि थांबेपर्यंत वाट बघायची. पाळी सहा तास काम सहा तास आराम, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. झोप कधी सलग होतच नाही, भाचा म्हणे गंगेवरही फार वेगळं नाही.

आता ती रात्र. मॉव्हिला नावाची टोबोट, चार माणसं, पुढे सहा बार्ज, मोबिल नदीतून वर चाललेली. धुकं इतकं दाट झालं की पायलटला पुढच्या बार्जचं टोकही दिसेना, तेव्हा त्यानं ठरवलं की कुठंतरी बांधून थांबू. हे लक्षात ठेवा, कारण पुढं सगळे त्याला शिव्या घालतात. धुक्यात नदीवर हेच करतात, ताफ्याचं नाक काठाला टेकवायचं, झाडाला दोर बांधायचा आणि उजाडायची वाट बघायची. थांबायचा निर्णय बरोबरच होता. बांधायला जागा शोधता शोधता मात्र तो मोबिल नदी सोडून बाजूच्या फाट्यात शिरला, बिग बायू कॅनॉट. बायू म्हणजे संथ पाण्याचा ओढा, हा तर बार्ज वाहतुकीचा नव्हताच. त्याला वाटत होतं आपण अजून मोठ्या नदीतच आहोत. बोटीवर कंपास नव्हता, त्या पाण्याचा नकाशाही नव्हता. रडार होतं, पण रडार वाचायचं रीतसर शिक्षण त्याला कधी मिळालंच नव्हतं. रडारवर समोर काहीतरी आडवं दिसलं. तो समजला दुसरा कुठला तरी ताफा धुक्यात थांबलाय, चला त्यालाच बांधून घेऊ.

तो रेल्वेचा पूल होता.

इथं भाचा गप्प झाला आणि मग म्हणाला, "नदीतून ओढ्यात गेला अन् कळलं नाही, हे नाही पटत मामा." पोट्ट्याचं म्हणणं होतं की पाण्याची रुंदी बदलते, आवाज बदलतो, माणसाला कळतंच. मीही त्याच्या बाजूनं होतो खरं तर. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं आंभोऱ्याला गेलो, कुही तालुक्यात, गोसीखुर्दचं बॅकवॉटर आहे तिथं. थंडीचं तिथं सकाळी धुकं असतंच, त्यात नवा केबलचा पूल झाल्यापासून फोटोवाल्यांची गर्दी. ओळखीचा एक ढिवर भाऊ आहे, त्याच्या डोंग्यात बसलो, छोटी मोटर लावलेली. साडेसहाला निघालो, दहा मिनिटांत चारी बाजूंनी नुसतं पांढरं. मी म्हटलं काठ इकडं, भाचा म्हणे काठ तिकडं, बरोबर उलट्या दिशेला बोट दाखवून राहिला. त्यानं मोबाईल काढला, नकाशावर निळा ठिपका पाण्यात, पण डोंगा कुठं तोंड करून आहे हे ठिपका सांगेना, गोल गोल फिरून राहिला. ढिवर भाऊनं काही न बोलता मोटर बंद केली, दोरीला बांधलेला दगड पाण्यात सोडला आणि बिडी पेटवली. मी विचारलं चालवत का नाही, तर म्हणे, "दिसत नाही त चालवाची कायले? खांबाले लागली म्हणजे?"

अर्धा तास बसलो तसेच. मग चैतन्येश्वराच्या देवळातली घंटा ऐकू आली, आणि ती मी म्हटलेल्या दिशेनंही नव्हती आणि भाच्याच्या दिशेनंही नव्हती. थोडं विरळ झालं तेव्हा पुलाचा खांब आमच्यापासून असेल चाळीस फुटांवर. भाच्यानं त्यानंतर "नाही पटत" हा शब्द काढला नाही.

(जाता जाता, याच पाण्यावरून नागपूरचा कापूस समुद्राला न्यायचा घाट इंग्रजांनी घातला होता. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि तिथून गोदावरी, आगबोटी चालवायच्या. मधे खडकांचे मोठे अडथळे, ते चुकवायला बंधारे-कालव्यांवर पैसा ओतला आणि १८७१ मधे काम सोडून दिलं. तोवर १८६७ ला नागपुरात रेल्वे येऊन पोचली होती. म्हणजे आमच्याच खात्यानं बोटी बुडवल्या म्हणा ना. २०१६ च्या जलमार्ग कायद्यात १११ जलमार्गांची यादी आहे, त्यात वैनगंगा-प्राणहिता परत आली आहे. बघू.)

तर पहाटे पावणेतीनच्या सुमारास बार्ज पुलाला लागली. हा पूल कधीतरी फिरवता यावा, म्हणजे बोटींसाठी बाजूला वळवता यावा, अशा हिशोबानं बांधलेला, तसा तो कधी केला नाही, पण त्यामुळे त्याचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधला भाग, आडव्या धक्क्याला पक्का जखडलेलाही नव्हता. ओढ्यात बार्ज येणारच नाही म्हटल्यावर बोटीच्या धडकेचा विचार कोण करतो. ढुशी बसली आणि गाळा ३८ इंच सरकला. वर वेल्डिंगनं सलग जोडलेला रूळ, तो वाकला, ताणला गेला, पण तुटला नाही.

आता माझं खातं. ट्रॅक सर्किट कसं असतं, रुळाच्या एका टोकाला बॅटरीचा हलका करंट सोडायचा, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे करंटवर उचलला जाणारा स्विच. करंट पोचतोय तोवर रिले उचललेला, सिग्नल हिरवा. गाडी आली की तिच्या चाकांमधून करंट मधेच वळतो, रिले पडतो, मागे लाल. रूळ तुटला तरी करंट तुटतो, तरी लाल. म्हणून आम्ही सिग्नलवाले मोठ्या अभिमानानं सांगायचो की ट्रॅक सर्किट तुटका रूळ पण पकडतं (एक्सल काउंटर तेही नाही पकडत, तो फक्त चाकं मोजतो). पण सर्किटला एवढंच कळतं की लोखंड सलग आहे का. लोखंड सरळ आहे का, खाली पूल आहे का, हे त्याला कोणी विचारलेलंच नाही. त्या रात्री लोखंड सलग होतं. पावसाळ्यात गुडघाभर चिखलात उभं राहून मी असे किती रिले तपासले असतील, उचललाय म्हणजे रूळ ठीक आहे म्हणून रजिस्टरमधे सही केली असेल. हे वाचल्यावर त्या सगळ्या सह्या डोळ्यापुढे आल्या.

आणि गाडी. सनसेट लिमिटेड, लॉस एंजेलिसहून मायामीला जाणारी, २२० माणसं. न्यू ऑर्लिन्सला एसी आणि संडासाच्या दुरुस्तीत अर्धा तास लेट झाली. आपल्याकडे अर्धा तास लेट म्हणजे राइट टाइमच धरतात, थंडीत दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या आठ-आठ तास लेट नागपूरला पोचतात आणि लोक प्लॅटफॉर्मवर चादर टाकून झोपतात. पण ही गाडी वेळेवर असती तर बार्ज लागायच्या आधीच पूल ओलांडून गेली असती. संडासाचा नळ म्हणा किंवा काय ते, त्याच्यामुळे. मी नशीब बिशीब मानत नाही फारसं, तरी इथं थांबून जातो दरवेळी.

धडकेनंतर साधारण आठ मिनिटांनी, २ वाजून ५३ मिनिटांनी, गाडी ताशी ७० मैलांच्या आसपास पुलावर आली. पुढचं इंजिन सरकलेल्या गाळ्यावर आदळलं, पूल खाली गेला, इंजिन पलीकडच्या काठाच्या चिखलात नाक खुपसून रुतलं, बाकीची दोन इंजिनं आणि पुढचे डबे पाण्यात. डिझेलच्या टाक्या फुटल्या, पाण्यावर आग. ४७ माणसं गेली, ४२ प्रवासी, ५ कर्मचारी, बरेचसे बुडून. १०३ जखमी. टोबोटवरच्या चौघांना खरचटलंही नाही, आणि मग त्याच चौघांनी धुक्यात आणि धुरात पाण्यातून लोकांना वर काढलं. आधी पूल सरकवणारे तेच आणि माणसं वाचवणारेही तेच.

चौकशी त्यांच्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डानं केली, अहवाल १९९४ चा. बोर्ड खातं सोडून वेगळं असतं, आपल्याकडे रेल्वे सेफ्टी कमिशनर रेल्वेच्या नाही तर नागरी विमान मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो त्यातलाच प्रकार, स्वतःच स्वतःची तपासणी नको म्हणून. बोर्डाचं म्हणणं, पायलट धुक्यात रस्ता चुकला कारण त्याला रडारवर बोट चालवता येत नव्हती, त्याला ते येतं की नाही हे कंपनीनं बघितलं नाही, आणि कोस्ट गार्डनं अशा टोबोटींच्या लायसनसाठी पुरेसे कडक निकष ठेवले नव्हते. शिवाय कोणत्या पुलाला बोटीचा धोका आहे हे देशभर तपासायची पद्धतच नव्हती. पायलटवर फौजदारी दोष आला नाही. नंतर रडारचं प्रशिक्षण सक्तीचं झालं, लायसन कडक झालं, आणि टोबोटींची प्रवासी जहाजासारखी रीतसर तपासणी करायचा नियम यायला २०१६ उजाडलं, म्हणजे २३ वर्षं. आपल्याकडेही १९१७ चा बोटींचा कायदा २०२१ पर्यंत चालतच होता, मग नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला, तेव्हा हसायला जागा नाही.

अहवालाशी माझं भांडण नाही. पण मला खटकतं ते दुसरंच, ती आठ मिनिटं. धक्का बसला तेव्हा पायलटला वाटलं आपण गाळात टेकलो. बार्ज सुटल्या, त्या गोळा करायच्या मागे लागला. पूल डोक्यातच नव्हता तर पुलाचं कोणाला कळवणार. रेल्वेत आपल्याकडे एक पद्धत आहे, लोको पायलटला चालत्या गाडीत वेगळा झटका जाणवला, कारण कळो न कळो, तो पुढच्या स्टेशनला कळवतो की अमुक किलोमीटरला झटका लागला. मग मागची गाडी तशीच भरधाव सोडत नाहीत, थांबवतात, माणूस जाऊन रूळ बघतो. दहापैकी नऊ वेळा काही नसतं, खडी बसलेली असते, जॉइंट ढिला असतो. ट्रॅकमन रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन चालत जातो आणि शिव्या देत परत येतो. मी स्वतः दिल्यात. तरी कळवणाऱ्याला कोणी विचारत नाही की तुला नक्की माहीत होतं का. झटका लागला एवढं पुरतं.

हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा मला वाटलं आता मी जिंकलो. तर तो म्हणाला, "पण मामा, त्याले आपण कुठं आहो हेच माहीत नव्हतं. कळवलं असतं तरी मोबिल नदीत टेकलो म्हणूनच सांगितलं असतं ना. त्या नदीवरचा कोणता पूल थांबवणार?" बरोबर आहे. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणू शकतो की धुक्यात सहा बार्जवाला कुठंतरी धडकलाय आणि जागा नक्की नाही, असं रेडिओवर गेलं असतं आणि पलीकडे कोणी शहाणा असता, तर त्या भागातल्या सगळ्या पुलांवर गाड्या हळू करता आल्या असत्या. आठ मिनिटांत जमलं असतं का? एका कंट्रोलरनं दुसऱ्याला फोन करायलाच चार जातात, मला माहीत आहे, मी तो फोन केलेला आहे. भाचा म्हणाला गंगेवर तर बार्ज वाळूला टेकणं रोजचं आहे, दर टेकण्याला रेल्वेला फोन केला तर सारंग, म्हणजे बोटीचा मुख्य, मला काठावर उतरवून देईल. हेही बरोबर.

तिळगुळाचे डबे घेऊन तो परत गेला. फेब्रुवारीत त्याचा फोटो आला, वहीच्या पानाचा, पाण्यानं कडा फुगलेल्या. एका बाजूला पुलांची नावं, फरक्का, मुंगेर, मोकामा, दिघा-सोनपूर, ज्यांच्यावरून रेल्वे जाते तेवढेच. समोर दोन्ही काठांचं जवळचं स्टेशन आणि फोन नंबरसाठी जागा, त्यातले काही रकाने भरलेले काही रिकामे. खाली विचारलं होतं, मामा, मोकाम्याच्या स्टेशन मास्तरचा सरकारी नंबर मिळेल का, अन् फोन करून नक्की काय म्हणायचं ते हिंदीत लिहून पाठवा. मी दानापूर डिव्हिजनला एक जुना ओळखीचा होता त्याला फोन लावला. नंबर मिळाला. वाक्य मात्र तीनदा लिहून खोडलं, शेवटी पाठवलं ते असं, बार्ज से धक्का लगा है, पुल से लगा या नहीं पता नहीं, गाड़ी रोक के देख लीजिए.